पोकरचं गणित: नवीन लोक सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्याकडे शनिवारी रात्री होल्डेमचा डाव बसतो. प्लास्टिकच्या चिप्स, पैसे नाहीत, सगळ्यात आधी बाहेर पडणारा चहाचे कप विसळतो एवढाच दंड. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं आणि मग पुढे सहा महिने मला रात्री दीड वाजता टेबलवरच्या पत्त्यांचे फोटो येत राहतात, खाली एकच ओळ, "इथे कॉल बरोबर होता का?" प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचे मांडून ठेवतोय. सगळं टेक्सस होल्डेमबद्दल आहे, म्हणजे हातात दोन पानं आणि मध्ये पाच (पहिली तीन एकदम उघडतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर). खेळायचे नियम येतात असं धरलंय.

१. माझं गणित शाळेपासून कच्चं आहे, मला जमेल का?

जमेल. अपूर्णांकाचे टक्के करता आले की झालं. दहावीला संभाव्यतेचा धडा होता ना, "५२ पत्त्यांतून एक पत्ता काढला तर तो राजा असण्याची संभाव्यता", त्याच्या फार पुढे जावं लागत नाही, आणि टेबलवर बसल्यावर तर अंदाजे आकडा पुरतो, २५ टक्के की २७ याने फरक पडत नाही, २५ की ४० याने पडतो. आमच्यात सगळ्यात चांगला खेळणारा कोण, तर इंजिनिअर लोक नाहीत, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा असलेला मित्र. बाकीचे "लागेल का, लागेल का" करत असतात, तो म्हणतो, "लागेल का ते सोड, पडतंय कितीला ते सांग." प्रश्न ६ मध्ये जे आहे ते त्याने मला शिकवलंय असं म्हटलं तरी चालेल.

२. तीनपत्ती लहानपणापासून खेळतोय, ते इथे कामाला येतं का?

हिंमत कामाला येते, क्रम मात्र डोक्यातून काढून टाका, पहिला घोळ तिथेच होतो. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये फ्लश (पाचही पानं एका रंगाची) स्ट्रेटच्या (पाच पानं ओळीने) वर. उलटं कसं काय? मोजून बघा. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स जास्त दुर्मिळ. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०, त्यात स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. जे कमी वेळा येतं ते मोठं, या हिशोबाने दोन्ही खेळ आपापल्या जागी बरोबर आहेत. गंमत अशी की तीनपत्ती हाच हिशोब वरच्या टोकाला मोडते, ट्रेल (तीन सारखी पानं) ५२ प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा) ४८ प्रकारे, म्हणजे खरं तर प्युअर मोठा असायला हवा. गणपतीच्या जागरणाला ट्रेल घेऊन बसलेल्या काकांना हे सांगायला जाऊ नका.

आणखी एक फरक. तीनपत्तीत जवळजवळ पाऊण वेळा, ७४ टक्के, हातात काहीच नसतं, म्हणून तिथे जोडी म्हणजे चांगला हात. होल्डेममध्ये सात पानांतून पाच निवडायची असतात, त्यामुळे शेवटी काहीच न जुळण्याचं प्रमाण १७.४ टक्क्यांवर येतं आणि एक जोडी असते ४३.८ टक्के वेळा. तीनपत्तीतून आलेला माणूस छोट्या जोडीवर अडून बसतो आणि कपही तोच विसळतो.

३. सुरुवातीची दोन पानं किती प्रकारे येतात? एक्क्यांची जोडी किती वेळा मिळते?

५२ गुणिले ५१ भागिले २, म्हणजे १,३२६ प्रकार. रंगाचं नाव सोडून दिलं, फक्त "एका रंगाची" की "वेगळ्या रंगांची" एवढंच बघितलं तर १६९ प्रकार उरतात.

आता तीन आकडे पाठ करा, प्रश्न १५ ला लागणार आहेत: कुठलीही एक जोडी ६ प्रकारे येते, कुठलीही दोन वेगळी पानं, समजा एक्का-राजा, १६ प्रकारे, त्यातले ४ एका रंगाचे आणि १२ वेगळ्या. म्हणून एक्क्यांची जोडी १,३२६ मध्ये ६, म्हणजे २२१ डावांत एकदा. घरगुती खेळात तासाला २५ डाव होतात असं धरलं तर जवळजवळ नऊ तासांतून एकदा. कुठलीही जोडी मात्र १७ डावांत एकदा येते.

४. आउट्स म्हणजे काय आणि मोजायचे कसे?

आत्ता मी मागे आहे, पण जी पानं आली तर मी पुढे जाईन ती पानं म्हणजे आउट्स. हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी, फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची पंजी, किलवरची दुर्री. बदाम एकूण १३, चार दिसतायत, राहिले ९. फ्लश ड्रॉचे (फ्लशला एक पान कमी) नऊ आउट्स म्हणतात ते हे.

हातात गुलाम-दश्शी आणि फ्लॉपवर नव्वी-अठ्ठी-दुर्री असेल तर वर राणी किंवा खाली सत्ती, दोन्ही चालतात, म्हणून ८. फ्लॉपवर अठ्ठी-सत्ती-दुर्री असेल तर मधलीच नव्वी हवी, म्हणून ४. हा मधल्या भोकाचा ड्रॉ, याच्यात लोकांच्या सगळ्यात जास्त चिप्स जातात, कारण डोळ्यांना तो आठवाल्या ड्रॉसारखाच दिसतो.

आता चूक कुठे होते ते. गुलाम-दश्शी दोन्ही बदामच्या, फ्लॉपवरची नव्वी आणि अठ्ठीही बदामच्या. फ्लशचे ९ अधिक स्ट्रेटचे ८ म्हणजे १७? नाही. बदामची राणी आणि बदामची सत्ती दोन्हीकडे धरली गेली, म्हणून १५. एक पान एकदाच मोजायचं. मोजलेलं प्रत्येक पान खरंच जिंकवतं का हा वेगळा प्रश्न, तो ९ मध्ये आहे.

५. दोन-चारचा नियम काय आहे? तो किती बरोबर येतो?

एकच पान यायचं राहिलं असेल तर आउट्स गुणिले २, दोन राहिली असतील तर गुणिले ४, आले टक्के. ९ आउट्स असतील तर दोन पानांत ३६, खरं उत्तर ३५.०. आठचे ३२, खरं ३१.५. चारचे १६, खरं १६.५. आउट्स खूप असले की नियम फुगतो, १५ चे ६० दाखवतो आणि खरं असतं ५४.१, तिथे आठच्या वर जेवढे आउट्स तेवढे टक्के वजा करायचे, ६० मधून ७ गेले ५३, भागलं काम.

पण खरी मेख वेगळीच आहे आणि ती मला स्वतःला कळायला वर्ष गेलं. गुणिले ४ फक्त तेव्हाच वापरायचं जेव्हा दोन्ही पानं आणखी काही न भरता बघायला मिळणार आहेत, म्हणजे कोणीतरी ऑल-इन गेलंय आणि आता बेटिंग उरलेलं नाही. फ्लॉपवर समोरच्याने बेट लावली, तुम्ही ३५ टक्के म्हणून कॉल केला, टर्नवर काही लागलं नाही, आणि तो पुन्हा बेट लावतो. आता? पहिल्या कॉलमध्ये तुम्ही एकच पान विकत घेतलं होतं, १९ टक्केवालं, आणि भाव दिला ३५ टक्क्यांचा. एका तिकिटात दोन खेळ नसतात. बेटिंग चालू असेल तर फ्लॉपवरसुद्धा गुणिले २.

६. कॉल करायचा की फोल्ड, हे नक्की कसं ठरवायचं? पॉट ऑड्स मला दर वेळी उलटे येतात.

टर्न उघडलंय, पॉटमध्ये ६००, समोरच्याने ३०० ची बेट लावली. म्हणजे आता मध्ये ९००. तुम्हाला टाकायचेत ३००. तुमचे टाकल्यावर पॉट होईल १,२००. तीनशे भागिले बाराशे, २५ टक्के. हा झाला भाव, म्हणजेच पॉट ऑड्स. तुमची जिंकण्याची शक्यता २५ च्या वर असेल तर घ्या, खाली असेल तर सोडा.

उलटं येतं ते इथे: लोक ३०० भागिले ९०० करतात आणि ३३ म्हणतात. स्वतःचे तीनशेही पॉटमध्ये धरायचे, कारण जिंकलात तर ते परत येतात.

आता फ्लश ड्रॉ आहे, एकच पान बाकी, ४६ न दिसलेल्या पानांत ९, म्हणजे १९.६ टक्के. भाव २५. महाग पडतंय, फोल्ड. तीच पानं, तोच पॉट, पण बेट १५० ची असती तर? मध्ये ७५०, तुमचे १५०, एकूण ९००, भाव १६.७. कॉल. पत्ते तेच, नशीब तेच, फक्त भाव बदलला. आमचा गाळेवाला हे सेकंदात करतो कारण आयुष्यभर त्याने कांदा चांगला की वाईट असं कधी बघितलंच नाही, या भावाला चांगला की या भावाला वाईट, एवढंच बघितलं.

दर वेळी भागाकार करायचा नसेल तर हे लक्षात ठेवा: पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी बेट म्हणजे भाव २० टक्के, अर्ध्या पॉटची २५, दोन-तृतीयांशची साधारण २८.५, पूर्ण पॉटची ३३, दुप्पट पॉटची ४०. गंमत बघा, बेट कितीही मोठी झाली तरी भाव ५० च्या वर जातच नाही.

७. ईव्ही, ईव्ही करतात सगळे, ते काय असतं?

एक्स्पेक्टेड व्हॅल्यू, म्हणजे हाच निर्णय हजार वेळा घेतला तर एका वेळेला सरासरी किती पडतात. वरचंच उदाहरण, ३०० ची बेट. ४६ पैकी ९ वेळा ९०० मिळतात, ३७ वेळा ३०० जातात. ९ गुणिले ९०० म्हणजे ८,१००, ३७ गुणिले ३०० म्हणजे ११,१००, फरक उणे ३,०००, भागिले ४६, दर कॉलला साधारण ६५ चिप्सचा तोटा. बेट १५० ची असेल तर ९ गुणिले ७५० वजा ३७ गुणिले १५०, अधिक १,२००, भागिले ४६, दर कॉलला २६ चा फायदा. लागलं की नाही याचा या आकड्याशी संबंध नाही, तो कॉल करतानाच ठरलेला असतो.

या कल्पनेचा उगमसुद्धा जुगारातच आहे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहून एक भांडण सोडवलं: डाव मध्येच थांबला तर मधले पैसे कसे वाटायचे? आत्तापर्यंत कोण किती जिंकला ते न बघता पुढे खेळ चालू राहिला असता तर कोण किती वेळा जिंकला असता त्या प्रमाणात वाटा, असं त्यांनी काढलं. आमच्याकडे लाइट गेले तेव्हा मी हे करून बघितलं, कोणालाही पटलं नाही.

८. माझे आउट्स दुसऱ्यांच्या हातात किंवा बाजूला टाकलेल्या बर्न कार्डात गेले असतील, मग ४६ ने कसं भागायचं?

हा प्रश्न हुशार लोक विचारतात आणि बरेचदा त्यावर भांडतात. तुम्हाला दिसतायत सहा पानं, दोन हातातली आणि चार टेबलवरची. उरलेली ४६ कुठे आहेत ते माहीत नाही, गठ्ठ्यात, बर्नमध्ये, शेजाऱ्याच्या हातात. बर्नमध्ये बदाम गेला असेल तशी फालतू किलवरही गेली असेल, आणि कुठलं गेलं याची माहिती नसल्यामुळे दोन्ही गोष्टी बरोबर कापल्या जातात. खात्री करायची असेल तर असं बघा: गठ्ठ्याच्या सगळ्यात वरचं पान बदाम असण्याची शक्यता आणि सगळ्यात खालचं पान बदाम असण्याची शक्यता सारखीच ना? मग वरची पाच काढून बाजूला ठेवली, न बघता, तरी सहाव्याची तीच.

अपवाद एकच, पान दिसलं तर. शेजाऱ्याने फोल्ड करताना बदामची छक्की चमकून गेली तर तुमचे ८ आउट्स आणि ४५ पानं.

९. नऊ आउट्स मोजले, फ्लश लागला, तरी हरलो. असं कसं?

काही आउट्स किडके असतात. हातात बदामची राणी आणि बदामचा गुलाम. टेबलवर बदामची अठ्ठी, बदामची तिर्री, किलवरचा राजा, इस्पिकची सत्ती. समोरच्याकडे चौकटचा राजा आणि इस्पिकचा राजा, म्हणजे तीन राजे. बदाम नऊ उरलेत, बरोबर. पण बदामचा राजा आला तर त्याचे चार राजे, आणि बदामची सत्ती आली तर टेबलवर सत्त्यांची जोडी होऊन त्याचं फुल हाउस. नवातले दोन गेले, सात उरले.

याशिवाय दुसऱ्याचा मोठा फ्लश असू शकतो, त्यासाठी हातात एक्का नसेल तर मी एखादा आउट मनातल्या मनात कमी धरतो. आणि "माझा एक्का किंवा राजा जुळला तर" हे सहा आउट्स तर पूर्ण धरूच नका, निम्मे धरा, जुळल्यावरही मागे असण्याची शक्यता बरीच असते.

१०. पॉट ऑड्स नाही म्हणतात, पण लागलं तर पुढे खूप मिळेल, ते धरायचं ना?

धरायचं, त्याला इम्प्लाइड ऑड्स म्हणतात. सगळ्यात साधं उदाहरण छोट्या जोडीचं. हातात पंज्यांची जोडी, समोरच्याने रेझ केला, तुम्हाला ३० टाकायचेत. फ्लॉपवर तिसरी पंजी साधारण साडेआठ वेळांत एकदा येते, ११.८ टक्के. म्हणजे साडेसात वेळा ३० गेले, २२५, ते एका लागलेल्या डावात भरून निघायला हवेत. समोरच्यापुढे चिप्सच १५० असतील तर विषय संपला, फोल्ड करा.

दोघांपुढे हजार-हजार असतील तर कॉल ठीक. पण दर वेळी लागल्यावर तो पैसे देईलच असं नाही, कधी त्याच्याकडेच काही नसतं, कधी त्याचा मोठा सेट (हातातली जोडी आणि टेबलवर तिसरं तसंच पान) असतो, म्हणून अनुभवी लोक कॉलच्या निदान पंधरा पट चिप्स मागे हव्यात असं धरतात. नवीन माणूस मात्र प्रत्येक फोल्डला "लागलं असतं तर सगळं काढलं असतं" म्हणतो, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. टेबलवर चार बदाम दिसायला लागले की समोरचा शहाणा माणूस दुसरी बेट भरत नाही, म्हणून फ्लशला इम्प्लाइड ऑड्स कमी आणि लपलेल्या सेटला जास्त.

११. एक्क्यांची जोडी येते आणि दर वेळी हरतो. काहीतरी गडबड आहे ना?

दर वेळी नाही हो, हरलेलं लक्षात राहतं. एका अनोळखी हाताविरुद्ध एक्के ८५ टक्के जिंकतात, राजांच्या जोडीविरुद्ध ८२. म्हणजे समोर एकच जण असला तरी सहा-सात वेळांत एकदा हरणारच. आणि तुम्ही स्वतः काय करता ते आठवा, एक्के आले की गप्प बसायचं, कोणी पळू नये म्हणून नुसता कॉल, मग पाच जण स्वस्तात आत येतात. पाच जणांविरुद्ध एक्के ४९ टक्के, आठ जणांविरुद्ध ३५ सुद्धा जेमतेम. रेझ करा, गर्दी कमी करा.

१२. एक्का-राजा विरुद्ध जोडी म्हणजे नाणं उडवणं, हे खरं का?

साधारण खरं, जोडी थोडी पुढे असते. राण्यांची जोडी वेगळ्या रंगांच्या एक्का-राजाविरुद्ध ५७-४३, दुर्रीची जोडी ५३-४७ च्या आसपास. पण हे पाचही पानं बघितली तर. फ्लॉपवर एक्का-राजाला जोडी किंवा त्याहून बरं काही फक्त तीनात एकदा लागतं.

१३. लागोपाठ चार फ्लश ड्रॉ चुकले, आता तर लागायलाच हवा?

नाही. प्रत्येक वेळी फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत थांबलात तरी चुकण्याची शक्यता ६५ टक्के, चार वेळा ओळीने चुकण्याची जवळजवळ १८. आठवड्यातून एकदा जेवणात खडा लागण्याएवढीच ती गोष्ट. पाचव्या वेळी पुन्हा ३५.

१४. ब्लफ म्हणजे तर चेहरा वाचणं, त्यात कसलं गणित?

भरपूर. पॉट ६००, तुम्ही ३०० ची ब्लफ लावली. समोरचा पळाला तर ६०० मिळतात, नाही पळाला तर ३०० जातात. ३०० भागिले ९००, तो तीनात एकदा पळाला की बरोबरी, त्याहून जास्त वेळा पळाला तर हातात रद्दी असूनही फायदा. पूर्ण पॉटएवढी ब्लफ असेल तर दोनात एकदा पळायला हवा. त्यामुळे मोठी ब्लफ "जास्त दमदार" वगैरे ठीक, ती महागही तेवढीच.

उलट्या बाजूने बघा. तुम्ही रिव्हरवर पूर्ण पॉटएवढी बेट लावता तेव्हा समोरच्याला भाव ३३ टक्के मिळतो, म्हणून दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ ठेवलीत तर त्याला कॉल आणि फोल्ड सारखेच. अर्ध्या पॉटची बेट असेल तर तीन खऱ्यांमागे एक. कधीच ब्लफ न करणाऱ्याला कोणी कॉल करत नाही, आमच्याकडे एक बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, त्यांनी बेट लावली की टेबल रिकामं.

ब्लफ कुठल्या हाताने करायची तेही गणितातून निघतं. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्ये गेम थिअरी मांडली त्यात पोकरचं एक छोटं मॉडेल होतं, आणि त्याचं उत्तर असं की बेट लावा सगळ्यात चांगल्या हातांनी आणि सगळ्यात रद्दी हातांनी, मधल्या हातांनी गप चेक करा. मधला हात ब्लफमध्ये वाया जातो, तो दाखवूनही कधीकधी जिंकतो ना.

१५. समोरच्याचे पत्ते दिसतच नाहीत, मग टक्के काढायचे कशाचे?

एका हाताचे नाही, त्याच्याकडे असू शकतील अशा सगळ्या हातांचे, त्याला रेंज म्हणतात. इथे प्रश्न ३ मधले आकडे लागतात. समजा तुमच्याकडे राजा-राणी, टेबलवर एक राजा, एक सत्ती, एक दुर्री आणि दोन निरुपयोगी पानं. रिव्हरवर समोरच्याने मोठा रेझ टाकला. तुमच्या मते तो असा रेझ राजांच्या, सत्त्यांच्या, दुर्रीच्या जोडीने किंवा एक्का-राजाने करेल, नाहीतर चुकलेल्या ड्रॉने ब्लफ.

मोजा. राजे चार, एक टेबलवर, एक तुमच्याकडे, उरले दोन, त्यांची जोडी एकाच प्रकारे. सत्त्या तीन उरल्या, त्यांच्या जोड्या ३, दुर्रीच्याही ३. एक्का-राजा: दोन राजे गुणिले चार एक्के, ८. एकूण १५ प्रकारे तुम्ही हरता. चुकलेल्या ड्रॉचे पाच प्रकार धरले तर २० पैकी ५, तुम्ही २५ टक्के वेळा पुढे. आता प्रश्न ६ ला जा: भाव २५ च्या खाली मिळतोय का? नसेल तर कितीही राग आला तरी फोल्ड.

तुमच्या हातातल्या एका राजामुळे त्याचे एक्का-राजाचे प्रकार १२ वरून ८ झाले आणि राजांच्या जोड्या ३ वरून १, हे लक्षात आलं का? याला ब्लॉकर म्हणतात. नवीन असताना एवढं पुरे.

१६. टूर्नामेंटमध्ये हेच गणित चालतं का?

सुरुवातीला चालतं, बक्षिसं जवळ आली की नाही, कारण तिथे चिप्स म्हणजे पैसे नाहीत. टोकाचं उदाहरण सॅटेलाइटचं, जिथे बक्षीस म्हणजे मोठ्या टूर्नामेंटची सीट. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला, तसलं सॅटेलाइट. समजा सीट तीन, माणसं उरली चार, एकापुढे फक्त पुढच्या ब्लाइंडपुरत्या (पानं बघण्याआधी भरायच्या सक्तीच्या बेटपुरत्या) चिप्स. तुमच्या हातात एक्के, आणि सगळ्यात मोठ्या गठ्ठ्याचा मालक ऑल-इन. चिप्सच्या ईव्हीने कॉल म्हणजे सोनं. पण फोल्ड केलंत तर तो गरीब बाहेर पडून सीट जवळजवळ नक्की, कॉल केलात तर पंधरा टक्के वेळा तुम्हीच बाहेर, आणि जिंकलात तरी सीट एकच मिळते, दोन नाही. एक्के फोल्ड. चिप्सची बक्षिसाच्या पैशात किंमत काढायचं हे सविस्तर गणित आयसीएम नावाने मिळेल.

१७. रेक असेल तर हिशोब बदलतो का?

हो. रेक म्हणजे खेळ चालवणारा पॉटमधून कापतो तो वाटा. प्रश्न ६ मधल्या १,२०० च्या पॉटमधून ५ टक्के कापले तर हातात येतात १,१४०, भाव २५ वरून २६.३ वर जातो. एका डावात किरकोळ, पण काठावरचे सगळे कॉल तोट्यात जातात. घरी रेक नसतो, फरसाण मात्र आणावं लागतं.

१८. सगळं बरोबर करतोय, तरी सहा महिने मायनसमध्ये आहे. गणित चुकतंय का?

कदाचित चुकतही असेल, पण सहा महिन्यांवरून कळणार नाही. एक चांगला खेळाडू धरा, १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड कमावणारा, आणि १०० डावांतली चढ-उतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ९० ब्लाइंड धरा, नो-लिमिटला तेवढी असतेच. १०,००० डावांनंतर कमाई अपेक्षित ५००, पण चढ-उतार ९०० ची, कारण ती डावांच्या वर्गमुळाने वाढते. म्हणजे हा चांगला खेळाडू दहा हजार डावांनंतर मायनसमध्ये असण्याची शक्यता २९ टक्के. एक लाख डावांनंतर ती ४ वर येते.

आता आमचा शनिवार: चार तास, तासाला २५, आठवड्याला १०० डाव. दहा हजार व्हायला १०० शनिवार, दोन वर्षं, आणि लाख व्हायला जवळजवळ वीस. त्यामुळे जिंकलो-हरलो बघून स्वतःला मार्क देऊ नका, निर्णय लिहून ठेवा आणि ते तपासा, कसं ते प्रश्न २१ मध्ये.

१९. सॉल्व्हर, जीटीओ हे सगळं शिकावं लागेल का?

आत्ता नाही. सॉल्व्हर म्हणजे सगळ्यात संतुलित खेळ शोधून देणारं सॉफ्टवेअर, आणि तसा खेळ म्हणजे जीटीओ. माहिती म्हणून सांगतो: कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१५ मध्ये दोन जणांचं लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवलं, २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या कॉम्प्युटर प्रोग्रामने चार नामांकित खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं, २०१९ मध्ये प्लुरिबस हा दुसरा प्रोग्राम सहा जणांच्या टेबलवर जिंकला. सॉल्व्हर त्याच घराण्यातले. पण समोर शेजारचा बंटी बसलाय आणि तो कुठल्याही जोडीवर फोल्ड करत नाही, तिथे मशीनसारखं संतुलित खेळून काय करणार? त्याला ब्लफ करू नका, चांगला हात असेल तर भरपूर बेट लावा. इंग्रजी चालत असेल तर एमआयटीचा २०१५ चा पोकर थिअरीचा कोर्स त्यांच्या ओपनकोर्सवेअरवर फुकट आहे.

२०. सरावासाठी पैशांचं कुठलं ॲप घेऊ?

कुठलंच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर जाणारे मला विचारतात त्यांना मी प्रश्न १७ आणि १८ वाचायला सांगतो.

२१. मग घरबसल्या सराव कसा करायचा?

एक कॅट, एक वही, पेन. बदामची दोन पानं आपल्यापुढे उघडी ठेवा, फ्लॉपला दोन बदाम आणि एक दुसरं काहीतरी मांडा, उरलेली ४७ पिसा, वरची दोन काढा, बदाम आला का? वहीत टिक किंवा फुली. पुन्हा पिसा. शंभर वेळा. कंटाळवाणं आहे, पण ३५ टक्के म्हणजे किती वेळा "नाही" असतं ते हाताला कळतं.

दुसरी वही डावांची. प्रत्येक शनिवारी अडलेला एकच डाव लिहायचा: पॉट किती, बेट किती, भाव किती आला, शक्यता किती वाटली, काय केलं. निकाल लिहायचा नाही, तो लिहिला की डोकं तिकडेच जातं.

माझ्या भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत पहिला प्रयोग पूर्ण केला, शंभरात ३१ टिक आल्या आणि पस्तीस का नाहीत म्हणून रुसून बसला. शंभर प्रयत्नांत चार-पाचचा फरक सहज पडतो, वर्गमुळात १०० गुणिले ०.३५ गुणिले ०.६५ म्हणजे ४.८, हे मी त्याला दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, पिसताना एकदा एक पान सोफ्याखाली गेलं होतं आणि वीसेक वेळानंतर सापडलं, ते बदामचंच होतं, तर ते धरायचं का? त्याला प्रश्न ८ वाचायला दिलाय.